मुक्त उपग्रहीय आधारसामग्री व जलसंशोधन

कृत्रिम उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा व मापने, तसेच त्यांवरून सिद्ध केलेले नकाशे विनामूल्य आणि वापरावर फारसे निर्बंध न घालता सर्वांस उपलब्ध करून देण्याच्या पद्धतीस मुक्त आधारसामग्री पद्धती म्हणतात. पाण्याच्या अभ्यासावर या पद्धतीचा झालेला परिणाम विशेष लक्षणीय आहे. पर्जन्य, हिमावरण, नद्या व जलाशय, मृदेतील ओलावा, बाष्पीभवन आणि भूजल या जलचक्राच्या बहुतेक सर्व अंगांचे मापन कमी-अधिक अचूकतेने अवकाशातून करता येते. त्यासाठी लागणाऱ्या मूळ सामग्रीचा मोठा भाग आता कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्यास संगणकावर उतरवून घेता येतो [⟶ जलविज्ञान, सुदूर संवेदन]. ‘मुक्त’ या शब्दात दोन गोष्टी अभिप्रेत आहेत : किंमत नसणे ही पहिली आणि मिळालेल्या सामग्रीवर प्रक्रिया करून ती पुन्हा इतरांस देण्याची मोकळीक असणे ही दुसरी. केवळ पडद्यावर पाहता येणारा, परंतु उतरवून घेता न येणारा नकाशा संशोधनाच्या दृष्टीने मुक्त ठरत नाही.

पाण्याच्या अभ्यासाचे वेगळेपण : भूरचनेच्या अभ्यासकास एखाद्या प्रदेशाची एक चांगली प्रतिमा पुष्कळ वर्षे पुरते, कारण खडक, भ्रंश व डोंगररांगा जागच्या जागी असतात. पाण्याचे तसे नाही. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेला तलाव मे महिन्यात कोरडा पडतो, नदीचे पात्र एका पुरात सरकते आणि विहिरीची पातळी ऋतूबरोबर वरखाली होते. एका दिवसाच्या प्रतिमेवरून पाण्याविषयी फारच थोडे सांगता येते. तीच जागा दर पंधरवड्यास, वर्षामागून वर्षे पाहिली, तरच पाणी वाढत आहे की घटत आहे, हे कळते. शिवाय नदीचे खोरे राज्यांच्या अथवा राष्ट्रांच्या सीमा पाळीत नाही. त्यामुळे अभ्यासाचे क्षेत्रही विस्तीर्ण असते. यामुळे प्रत्येक प्रतिमेस मूल्य आकारले, तर त्याचा भार अन्य शास्त्रांपेक्षा जलविज्ञानावर कितीतरी पटींनी अधिक पडतो. मुक्त आधारसामग्रीचा प्रश्न पाण्याच्या संदर्भात इतका महत्त्वाचा ठरण्याचे हे मुख्य कारण होय.

उपग्रहास पाणी दिसते ते प्रकाशाच्या परावर्तनातील फरकामुळे. स्वच्छ पाणी हिरव्या प्रकाशाचा काही अंश परावर्तित करते. परंतु निकट अवरक्त किरण ते जवळजवळ संपूर्ण शोषून घेते. माती व वनस्पती यांच्या बाबतीत स्थिती उलट असते. या दोन तरंगपट्ट्यांतील तेजस्वितेच्या वजाबाकीस त्यांच्याच बेरजेने भागले असता मिळणारा निर्देशांक पाण्यावर साधारणतः धन व जमिनीवर ऋण येतो. मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये सुचविलेला हा निर्देशांक साधा असला, तरी जलाशयांचे नकाशे तयार करण्यासाठी त्याचा विपुल उपयोग झाला आहे. ढगांतून मात्र प्रकाश व अवरक्त किरण पार होत नाहीत. म्हणून ज्या काळात पाण्याची माहिती सर्वांत अधिक हवी असते, त्या पावसाळ्यात रडार-उपग्रहांवर विसंबावे लागते. सूक्ष्मतरंग ढगांतून आरपार जातात व शांत पाण्याच्या पृष्ठावरून आरशाप्रमाणे दुसरीकडे परावर्तित होतात. परिणामी रडारच्या प्रतिमेत पाणी काळे दिसते.

लँडसॅटचा अनुभव : मूल्य आकारण्याचे व न आकारण्याचे परिणाम कसे होतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लँडसॅट उपग्रहमालेचे आहे. या मालेतील पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडण्यात आला. सु. १८५ किमी. रुंदीचा पट्टा टिपीत तो दर १८ दिवसांनी त्याच जागेवर परत येत असे. (त्याचे मूळ नाव निराळे होते, लँडसॅट हे नाव १९७५ मध्ये देण्यात आले.) हैदराबादजवळ शादनगर येथे या उपग्रहांची सामग्री थेट ग्रहण करणारे केंद्र १९७९ मध्ये कार्यान्वित झाले व भारतीय शास्त्रज्ञांची एक पिढी या प्रतिमांवर तयार झाली.

१९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून लँडसॅटच्या प्रतिमांची विक्री खाजगी क्षेत्राकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा केला. सुदूर संवेदनाचा व्यवसाय स्वतःच्या पायांवर उभा राहील, अशी त्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका प्रतिमेची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. एखाद्या जलाशयाची दरमहा एक याप्रमाणे दहा वर्षांची नोंद पाहावयाची म्हटले, तर १२० प्रतिमांस या दराने ५,२८,००० डॉलर लागतील. सु. ३,१२,८०० चौ. किमी. क्षेत्रफळाचे गोदावरीचे खोरे एकदाच पाहण्यास किमान दहा-बारा प्रतिमा लागतात; प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. विद्यापीठांना, विशेषतः विकसनशील देशांतील विद्यापीठांना, हा खर्च परवडणे शक्य नव्हते. याहून गंभीर हानी वेगळीच झाली. ज्या प्रदेशांच्या प्रतिमांना ग्राहक नव्हता, त्या प्रदेशांवरून जाताना उपग्रहाने प्रतिमा टिपण्याचे प्रमाण कमी करण्यात आले. परिणामी जगाच्या मोठ्या भागाच्या नोंदींत त्या काळातील खिंडारे राहून गेली. महाग प्रतिमा पुढेमागे स्वस्त होऊ शकते. टिपलीच न गेलेली प्रतिमा कोणत्याही किमतीस मिळत नाही.

१९९२ च्या कायद्याने ही व्यवस्था पुन्हा शासनाकडे आणण्याचा निर्णय झाला. १९९९ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-७ च्या प्रतिमेची किंमत ६०० डॉलर ठेवण्यात आली. अखेर २००८ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७२ पासूनचा सर्व संग्रह आंतरजालावर विनामूल्य खुला करण्याचे ठरविले. तोपर्यंत सर्वाधिक विक्रीच्या वर्षातही सु. २५,००० प्रतिमाच विकल्या गेल्या होत्या. खुलेपणानंतरच्या पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक प्रतिमा उतरवून घेण्यात आल्या. या आकड्यांवरून असे दिसते की, मागणी पूर्वीही होती. किंमत तिच्या आड येत होती.

वापराच्या पद्धतीतही मूलभूत पालट झाला. प्रतिमा विकत घ्यावी लागे तेव्हा अभ्यासक ढग नसलेली, निर्दोष अशी एकच प्रतिमा निवडून तिच्यावर महिनोन्‌महिने काम करीत. आता अर्ध्याअधिक ढगांनी व्यापलेल्या प्रतिमेचाही उरलेला भाग उपयोगात आणला जातो. ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ वरील एक यंत्रणा बिघडून प्रत्येक प्रतिमेचा सु. २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी रिकामा येऊ लागला होता. प्रतिमा विकत घेणाऱ्यास हा मोठाच तोटा होता. मुक्त संग्रहामुळे मात्र पाठोपाठच्या अनेक प्रतिमा एकत्र करून ती पोकळी बरीचशी भरून काढता येऊ लागली.

या पालटाचे फळ म्हणून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा उल्लेख करावा लागेल. यूरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्रातील झां-फ्रांस्वा पेकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ते २०१५ या काळातील ३० लक्ष लँडसॅट प्रतिमा तपासून पृथ्वीवरील भूपृष्ठजलाचा, ३० मी. लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनाचा, इतिहास मांडला. सु. ९०,००० चौ. किमी. क्षेत्रावरील कायमचे पाणी या काळात नाहीसे झाले. तर अन्यत्र, मुख्यत्वे धरणे बांधल्यामुळे, सु. १,८४,००० चौ. किमी. क्षेत्र नव्याने पाण्याखाली आले. घटीपैकी ७० टक्क्यांहून अधिक घट पश्चिम व मध्य आशियात आढळली. तेथे दीर्घकालीन अवर्षण, नद्यांचे पाणी वळविणे व बेसुमार उपसा ही कारणे एकत्र आली आहेत. अरल समुद्राचे आटणे हे त्यांतील सर्वपरिचित उदाहरण. ६०० डॉलरच्या दरानेही एवढ्या प्रतिमांस १८० कोटी डॉलर पडले असते. असा अभ्यास करावा, हा विचारही त्या परिस्थितीत कोणाच्या मनात आला नसता. सिद्ध झालेले नकाशेही पुढे सर्वांस मुक्तपणे देण्यात आले.

यूरोपीय संघाने आपल्या कोपर्निकस कार्यक्रमासाठी प्रारंभापासूनच मुक्त धोरण स्वीकारले. रडार असलेला सेंटिनल-१ एप्रिल २०१४ मध्ये आणि १० मी. विभेदनाच्या प्रतिमा देणारा सेंटिनल-२ जून २०१५ मध्ये सोडण्यात आला. सेंटिनल-२ चे दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरही दर पाच दिवसांनी तीच जागा पाहतात. लहान शेततळी व पाझर तलाव ३० मी.च्या प्रतिमेत हरवून जातात, १० मी.च्या प्रतिमेत त्यांपैकी बरेच ओळखता येतात.

उठावाचे नकाशे : पाणी कोठून कोठे वाहील, हे जमिनीच्या चढउतारावर अवलंबून असते. पूर्वी पाणलोट क्षेत्राची सीमा आखावयाची म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन त्यावरील समोच्च रेषांच्या आधारे जलविभाजक हाताने रेखाटावा लागे. एका तालुक्यासाठी हे काम जिकिरीचे असे. संपूर्ण खोऱ्यासाठी तर विचारावयासच नको. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या उड्डाणात, ६० मी. लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांस बसविलेल्या रडार-आकाशकांच्या साहाय्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या अक्षांशांमधील जमिनीची उंची मोजली. पृथ्वीवरील सु. ८० टक्के जमीन यात आली. तीवरून सिद्ध झालेले अंकीय उंची-प्रतिमान आरंभी अमेरिकेबाहेरील प्रदेशांसाठी ९० मी. अंतरांच्या जाळीवर देण्यात येई. २०१४ पासून टप्प्याटप्प्याने ते ३० मी.च्या जाळीवर सर्वांस उपलब्ध करण्यात आले.

अशा प्रतिमानात प्रत्येक घराची उंची दिलेली असते. संगणक प्रत्येक घरातील पाणी शेजारच्या आठ घरांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या घरात जाईल असे मानतो आणि वरून येणाऱ्या घरांची संख्या मोजीत जातो. जेथे ही संख्या ठराविक मर्यादेपलीकडे जाते, तेथे ओढा अथवा नदी आहे असे समजले जाते. या रीतीने साऱ्या जगातील प्रवाहांचे व खोऱ्यांचे नकाशे तयार झाले असून तेही मुक्त आहेत. मात्र त्यांवर आंधळेपणाने विसंबणे धोक्याचे आहे. रडारला घनदाट अरण्यात जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात आणि उंचीतील चूक कित्येक मीटर असू शकते. सह्याद्रीच्या तीव्र उतारावर एवढ्या चुकीने फारसे बिघडत नाही. परंतु गंगेच्या सपाट मैदानात वा कोकणातील खाड्यांलगत तीच चूक पूररेषेचा नकाशा निरर्थक ठरविते. गोव्यातील खाजण जमिनी भरतीच्या पातळीच्या आसपास असून त्यांचे रक्षण काही मीटर रुंदीच्या बांधांनी होते. ३० मी.च्या जाळीत हे बांध उमटतच नाहीत आणि संगणकाच्या हिशेबी समुद्र थेट भातशेतीत शिरतो.

भूजल व गुरुत्वाकर्षण : जमिनीखालचे पाणी कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. त्याचे वजन मात्र जाणवते. मार्च २००२ मध्ये अमेरिका व जर्मनी यांनी सोडलेले ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकमेकांमागे सु. २२० किमी. अंतर राखून फिरत होते. खाली वस्तुमान अधिक असलेला प्रदेश आला की, पुढील उपग्रह किंचित ओढला जाऊन अंतर वाढे व मागील उपग्रह तेथे पोहोचल्यावर ते पुन्हा कमी होई. सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने हा फरक मायक्रॉनच्या (मिमी.च्या हजाराव्या भागाच्या) पातळीपर्यंत मोजला जाई. त्यावरून महिन्यागणिक गुरुत्वक्षेत्राचा नकाशा तयार होई. त्यातील बदलामधून मृदेतील ओलावा, हिम व पृष्ठजल यांचा अदमास वजा केला की, उरतो तो भूजलातील बदल. हे उपग्रह २०१७ पर्यंत कार्यरत होते व मे २०१८ मध्ये त्यांची जागा त्याच प्रकारच्या नव्या जोडीने घेतली.

या मापनांवरून मॅथ्यू रॉडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, राजस्थान, पंजाब व हरयाणा (दिल्लीसह) या प्रदेशातील भूजल दरवर्षी सु. १७·७ घ. किमी., म्हणजे सर्व क्षेत्रावर पसरल्यास सु. ४ सेंमी. जाडीच्या थराइतके, घटत आहे. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात एकूण घट सु. १०९ घ. किमी. भरली. या काळात पाऊस जवळजवळ सरासरीइतका होता. तेव्हा या घटीचा दोष अवर्षणावर ढकलता येत नाही, तो सिंचनासाठी होणाऱ्या उपशाकडेच जातो. त्याच वर्षी हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील व्ही. एम्. तिवारी यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसमवेत उत्तर भारत व लगतच्या देशांचा अधिक विस्तृत पट्टा घेऊन घट वर्षास सु. ५४ घ. किमी. असल्याचे मांडले. दोन्ही आकडे भिन्न क्षेत्रांचे असल्याने ते परस्परविरोधी नाहीत. मूळ मापने सर्वांस खुली असल्यामुळेच दोन स्वतंत्र गटांस एकाच वेळी हा हिशेब मांडता आला व इतरांस तो पडताळून पाहता आला. भूजलाचा उपसा, वीजदर व पीकपद्धती यांसारख्या वादग्रस्त प्रश्नांत अशा पडताळणीस असाधारण महत्त्व आहे.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. साधारणतः दीड लक्ष चौ. किमी.हून लहान क्षेत्रातील बदल ग्रेसला वेगळा ओळखता येत नाही; म्हणजे सु. ३,०७,७०० चौ. किमी.च्या महाराष्ट्राचे फार तर दोन भाग पाडता येतील. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा असून त्यातील पाणी अपक्षीण थरांत व भेगांत साठते. एका गावच्या विहिरीस पाणी असताना शेजारच्या गावची विहीर कोरडी असणे, ही येथे नित्याची गोष्ट आहे. अशा प्रदेशात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींना उपग्रह हा पर्याय होऊ शकत नाही.

जलपातळी व सीमापार नद्या : समुद्राची पातळी मोजण्यासाठी १९९२ पासून वापरात आलेल्या उपग्रहीय उंचीमापकांचा उपयोग पुढे मोठ्या नद्यांसाठीही होऊ लागला. उपग्रहाकडून निघालेला सूक्ष्मतरंग-स्पंद पाण्यावरून परत येण्यास लागणारा वेळ मोजून पातळी काढतात. बांगला देशास याचा विशेष लाभ झाला. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या एकत्रित पाणलोट क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग त्या देशाच्या सीमेबाहेर आहे. वरच्या भागात पाणी किती चढले याची पुरेशी वार्ता नसल्याने तेथील पूर्वसूचना मुख्यतः सीमेवरील पाण्याच्या नोंदींवर आधारलेली व जेमतेम तीन दिवसांची असे. जेसन-२ या उपग्रहाने भारतातील पात्रांवर मोजलेल्या पातळ्यांचा उपयोग करून ती आठ दिवसांपर्यंत वाढविता येते, असे २०१४ च्या सुमारास दिसून आले. पाच दिवसांचा हा अवधी गुरे व धान्य हलविण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. राष्ट्रांमधील वाटाघाटींतून जे सहज साध्य होत नव्हते, ते खुल्या मापनामुळे अंशतः साध्य झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिका व फ्रान्स यांनी सोडलेला स्वॉट हा उपग्रह एका रेषेऐवजी सु. १२० किमी. रुंदीचा पट्टा पाहतो (मध्यभागी सु. २० किमी.ची फट राहते). १०० मी.हून रुंद नद्या व सु. सहा हेक्टरांहून मोठे तलाव यांची पातळी व विस्तार एकाच वेळी मोजणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचीही सामग्री मुक्त आहे.

पर्जन्य, बाष्पीभवन व पूर : पर्जन्यमापक उपग्रहांच्या मालेतून (१९९७ मध्ये सोडलेला ट्रम व २०१४ नंतरची जागतिक पर्जन्यमापन योजना) दर अर्ध्या तासाचा पाऊस सु. ११ किमी.च्या जाळीवर मिळतो. सह्याद्रीसारख्या डोंगराळ भागातील पाऊस त्यात बहुधा कमी भरतो. घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकांची जोड त्यास द्यावी लागते. बाष्पीभवनाचा अंदाज जमिनीच्या तापमानावरून करतात. पाणी मिळालेले पीक थंड व कोरडे रान उष्ण असते, हे त्यामागील साधे तत्त्व होय. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत शेतकऱ्यांच्या पाणीहक्कांचे निर्णय करताना या नकाशांचा आधार घेतला जातो. लँडसॅट-८ च्या मूळ आराखड्यातून औष्णिक संवेदक वगळण्यात आला होता. तो पुन्हा समाविष्ट व्हावा म्हणून याच राज्यांनी आग्रह धरला आणि २०१३ मध्ये उपग्रह गेला तो या संवेदकासह.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या पुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांचा मोठा प्रदेश वेढला, त्या वेळी आकाश ढगाळलेले असल्याने पाण्याचा विस्तार कळण्यास रडार-प्रतिमांचाच आधार होता. त्या वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. सेंटिनल-१ च्या रडारची तरंगलांबी सु. ५·५ सेंमी. असल्याने तिचे तरंग उंच उसाच्या पानांवरूनच परत फिरतात. उसाच्या फडात कमरेइतके पाणी असले, तरी प्रतिमेत ते कोरडे रान भासण्याचा संभव असतो. भारत व अमेरिका यांनी मिळून बनविलेला व ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला निसार हा उपग्रह सु. २४ सेंमी. व सु. ९ सेंमी. अशा दोन तरंगलांबींवर काम करण्यासाठी योजिलेला आहे. मोठ्या लांबीच्या तरंगांस पिकाखालील पाणी अधिक चांगले ओळखता येते. दर १२ दिवसांनी तोच प्रदेश पाहण्याची व सामग्री विनामूल्य देण्याची त्याची योजना आहे.

भारतातील परिस्थिती : भारताने मार्च १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा आपला पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह कक्षेत धाडला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. पडीक जमिनी, पाणलोट विकास व भूजलाच्या संभाव्य जागा यांचे नकाशे करण्यात या उपग्रहांचा देशभर उपयोग झाला. तथापि प्रतिमा दीर्घकाळ विकत घ्याव्या लागत व नकाशांविषयीचे धोरण सावध होते. सीमावर्ती व किनारी प्रदेशांचे तपशीलवार नकाशे सामान्य अभ्यासकास मिळत नसत. १९६२ व १९६५ च्या युद्धांचा अनुभव पाहता या सावधगिरीमागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु तोच भूभाग परदेशी उपग्रहांच्या प्रतिमांत जगास दिसू लागल्यावर तिचा अर्थ उरला नाही. कोकणातील खाडीचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास आपल्याच किनाऱ्याचा उठाव अमेरिकन अवकाशयानाच्या सामग्रीवरून काढावा लागे.

बदल हळूहळू झाला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी नकाशांची स्वतंत्र मालिका सुरू केली. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे संकेतस्थळ खुले केले. त्यावरून कार्टोसॅट-१ या उपग्रहाच्या प्रतिमांवरून केलेले ३० मी.चे उंची-प्रतिमान विनामूल्य देण्यात आले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थापनेस २०१७ मध्ये अडीचशे वर्षे झाली, त्या वर्षी १ : ५०,००० प्रमाणावरील नकाशे भारतीय नागरिकांस आंतरजालावर चित्ररूपात मिळू लागले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांस नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. २०२३ च्या अवकाश धोरणाने ५ मी. व त्याहून स्थूल विभेदनाची इस्रोची सामग्री मुक्त ठरविली.

जमिनीवरील मापनांबाबत चित्र संमिश्र आहे. केंद्रीय जल आयोग व इस्रो यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या भारतीय जलसंपत्ती माहिती प्रणालीवर द्वीपकल्पीय नद्यांच्या विसर्गाच्या नोंदी, जलाशयांचे साठे व विहिरींच्या पातळ्या पाहता येतात. गंगा, ब्रह्मपुत्रा व सिंधू या खोऱ्यांतील विसर्गाच्या नोंदी मात्र २०१८ च्या केंद्रीय धोरणातही वर्गीकृतच राहिल्या व त्यांसाठी विशेष परवानगीची अट कायम ठेवण्यात आली. गंगेच्या पाण्याची पातळी परदेशी उपग्रहाकडून विनामूल्य मिळावी आणि त्याच नदीच्या काठावर भारतीय कर्मचाऱ्याने मोजलेला विसर्ग मात्र मिळू नये, अशी विसंगती यातून निर्माण होते. शेजारी राष्ट्रांशी असलेले पाणीवाटपाचे प्रश्न हे यामागील कारण असले, तरी त्याची किंमत पूर व गाळ यांच्या संशोधनास मोजावी लागते.

आंतरराष्ट्रीय संकेत व अडचणी : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८६ मध्ये संमत केलेल्या तत्त्वांनुसार ज्या देशाची प्रतिमा घेतली जाते, त्या देशास ती भेदभावाविना व वाजवी दरात मिळण्याचा हक्क आहे. जागतिक वातावरणवैज्ञानिक संघटनेने १९९९ मध्ये जलविषयक नोंदींच्या मुक्त देवघेवीचा ठराव केला आणि २०२१ मध्ये हवामान, जल व महासागर यांसाठी एकत्रित धोरण स्वीकारले. हे ठराव बंधनकारक नसल्याने त्यांचे पालन देशागणिक भिन्न आहे.

मुक्त सामग्रीसही खर्च असतो. तो कर भरणारा नागरिक सोसतो, एवढेच. त्यामुळे धोरण उलटण्याचा संभव नेहमीच राहतो. २०१८ मध्ये लँडसॅटच्या प्रतिमांस पुन्हा मूल्य आकारावे काय, याचा अमेरिकेत विचार झाला होता. तो अंमलात आला नाही. २०१७ या एका वर्षात या प्रतिमांपासून झालेल्या लाभाचे मूल्य सु. ३४५ कोटी डॉलर असावे, असा अंदाज भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने केला. दुसरी अडचण साधनांची. प्रतिमा विनामूल्य असल्या, तरी लक्षावधी प्रतिमा साठविण्यास व त्यांवर प्रक्रिया करण्यास लागणारी संगणकशक्ती फारच थोड्या संस्थांकडे आहे. २०१० पासून गूगल कंपनीने अर्थ इंजिन या नावाने अशी सोय संशोधकांस विनामूल्य दिली व वर उल्लेखिलेला पेकेल यांचा अभ्यास तिच्यावरच झाला. मात्र सार्वजनिक सामग्रीचा मार्ग अशा रीतीने एका खाजगी दारातून जाऊ लागला, याची नोंद घेणे इष्ट ठरेल.

सर्वांत महत्त्वाची उणीव शास्त्रीय आहे. उपग्रह पाण्याचा विस्तार व पातळी पाहतो. पात्राचा तळ आणि पाण्याची खोली त्यास दिसत नाही. विसर्ग, म्हणजे दर सेकंदास वाहणाऱ्या पाण्याचे आकारमान, पातळी, रुंदी व पृष्ठाचा उतार यांवरून गणिताने अनुमानावा लागतो व ते गणित जुळविण्यास काठावरील प्रत्यक्ष मापनच हवे असते. जलाशयाचेही तसेच आहे. त्याचे पाण्याने व्यापलेले क्षेत्र प्रतिमेत दर पंधरवड्यास मोजता येते. परंतु त्यात किती पाणी आहे, हे सांगण्यास तळातील गाळाचे प्रत्यक्ष सर्वेक्षण लागते. जगाच्या अनेक भागांत विसर्गमापन केंद्रांची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीपासून घटत गेली आहे. स्वॉटने मोजलेल्या पातळ्यांचे विसर्गात रूपांतर करण्याचे काम ज्या नद्यांवर अशा केंद्रांच्या नोंदी खुल्या आहेत, तेथे अधिक भरवशाने होते; इतर नद्यांसाठी ते प्रतिमानांवरच अवलंबून आहे.